शाबूत किल्ला आणि मिठाची पोती

ज्या गावाच्या नावात 'गड' आहे, त्या गावच्या माणसाने परगावी आपल्या गावाचे नाव जपून सांगावे. पिंपळगावच्या माणसाला कोणी पिंपळ दाखव म्हणत नाही, की बोरगावकराकडे कोणी बोरे मागत नाही. पण 'मी शहागडचा' म्हटले, की समोरचा माणूस एकदम सावरून बसतो आणि म्हणतो, "अरे वा! म्हणजे किल्ला आला!" पुण्याच्या एका गृहस्थांनी तर मला "चढायला किती वेळ लागतो?" असे विचारले होते. "एस.टी.तून उतरायला लागतो तेवढा," मी म्हणालो. त्यांना तो माझा विनय वाटला.

वस्तुस्थिती अशी, की आमचे शहागड हे गोदावरीच्या काठावरचे, सोलापूर-धुळे रस्त्यावरचे गाव. तालुका अंबड, जिल्हा जालना. पूल ओलांडला, की बीड जिल्हा. १ मे १९८१ पर्यंत आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. त्या दिवशी जालना जिल्हा वेगळा निघाला आणि घरातले एक भांडेही न हलवता आमचे सगळे गाव एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. हा भांडी न हलवण्याचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे महंमद तुघलक येणार आहेत, त्यांच्यासाठी तो राखून ठेवला आहे.

तर, गावाच्या नावामुळे पाहुण्यांची भूक चाळवते आणि ती भागवण्यासाठी आम्ही त्यांना देवगिरीला नेतो. सोपे आहे. दारावरून जाणारा जुना सोलापूर-धुळे रस्ताच पाचोड, आडूळ करीत छत्रपती संभाजीनगरला जातो आणि तिथून वेरूळकडे वळताना देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या, पायथ्याशी पोहोचतो. मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवले. इतिहासाशी माझा संबंध इतिहासाचे मास्तर रजेवर असताना त्यांचा तास घेण्यापुरता. त्या तासाला मी मुलांना तारखांच्या वजाबाक्या घालीत असे.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा इंग्लंडहून आला. तो तिकडे केंट परगण्यात नोकरी करतो. आल्या दिवसापासून त्याने मोबाईलवर एका किल्ल्याचे फोटो दाखवायला सुरुवात केली. किल्ल्याचे नाव रॉचेस्टर. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून नॉर्मन लोकांनी येऊन इंग्लंड जिंकले आणि जिंकलेली माणसे जिंकलेलीच राहावीत म्हणून ठिकठिकाणी दगडी किल्ले बांधले. रॉचेस्टरचा मोठा चौकोनी बुरूज त्यांपैकीच. ११२७ साली राजाने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या हवाली केला आणि त्यांनी मेडवे नदीच्या काठी हा बुरूज उभारला. उंची ११३ फूट.

"मामा, नऊशे वर्षे झाली, पण भिंती अजून कशा उभ्या आहेत बघा! याला म्हणतात जपणूक."

मी फोटो निरखून पाहिला. गणिताच्या माणसाला भूमितीतली खोट लगेच दिसते. बुरुजाचे तीन कोपरे काटकोनात होते, चौथा मात्र गोल.

"हा कोपरा गोल कसा रे?"

भाच्याची कळी खुलली. त्याला हाच प्रश्न हवा होता. १२१५ साली जॉन राजाचे आणि सरदारांचे बिनसले. सरदारांची माणसे रॉचेस्टरमध्ये घुसून बसली. राजाने वेढा घातला. बुरूज पडेना, तेव्हा त्याने एका कोपऱ्याखाली भुयार खणवले, वरच्या भिंतीला लाकडी टेकू दिले आणि चाळीस लठ्ठ डुकरे पाठवा, असा हुकूम सोडला. खाण्याच्या दृष्टीने निकृष्ट असली तरी चालतील, असेही कळवले. त्या डुकरांच्या चरबीने टेकू पेटवले, कोपरा कोसळला. पुढे दुरुस्ती झाली तेव्हा तो गोल बांधला.

आमची ही शेजारीच ज्वारी पाखडत होती. सूप थांबवून तिने विचारले, "आणि कोपरा पडल्यावर आतली माणसं शरण आली?"

"नाही ना मामी! बुरुजाच्या मधोमध एक आडवी भिंत आहे. तिच्यामागे जाऊन लढत राहिली."

"खात काय होती?"

"घोडे. शेवटी तेही संपले, तेव्हा शरण आली."

"म्हणजे किल्ला डुकरांनी नाही घेतला," ही म्हणाली, "उपासानं घेतला." आणि सूप पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जीप सांगून देवगिरीला निघालो. जीपचा ड्रायव्हर गावातलाच, माझा जुना विद्यार्थी. अपूर्णांकांत तो कच्चा होता, पण रस्त्यावरच्या खड्ड्यांत पक्का निघाला. हिने चार माणसांसाठी दहा माणसांच्या दशम्या घेतल्या होत्या. "किल्ल्यावर काय मिळतं काय नाही, कुणी सांगावं," असे तिचे म्हणणे. हे वाक्य तेराव्या शतकात कोणी म्हटले असते, तर महाराष्ट्राचा इतिहास थोडा वेगळा झाला असता. पण त्याची कल्पना आम्हाला तोवर नव्हती.

देवगिरीचा डोंगर लांबून पाहिला, की कोणी जात्याचा खुंटा ठोकून ठेवल्यासारखा दिसतो. आसपासच्या जमिनीपासून सुमारे सहाशे फूट उंच, एकटा. त्याच्या खालच्या भागातला दीडशे फूट खडक चारी बाजूंनी असा तासून काढला आहे, की पालीलाही विचार पडावा. पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक. त्याच्या बाहेर तटबंदी. सगळ्यांत बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत काळाकोट. दरवाज्यांवर हत्तीने डोके आपटू नये म्हणून लोखंडी खिळे. भाचा खिळ्यांवरून हात फिरवून गप्प झाला. मी त्याला रॉचेस्टरविषयी काही विचारले नाही. पाहुण्याला फार चेपू नये.

तिकिटे काढून आत शिरताच एक गाईड मागे लागला. त्याला सगळ्या तारखा तोंडपाठ होत्या आणि त्या तो आगगाडीच्या वेळापत्रकासारख्या सुरात सांगे. "इकडे हत्ती हौद. इकडे भारतमाता मंदिर, पूर्वीची मशीद, तेराशे अठरा. हा चाँदमिनार, बहमनी. वर चला, चिनी महाल. पुढे मेंढा तोफ, बघा, मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड. साहेब, हा किल्ला अजिंक्य. आजपर्यंत कुणीही हा लढून वर चढून घेतलेला नाही. कुणीही!"

"आणि याचे मालक कोण कोण झाले?" मी विचारले.

गाईड बोटे मोडू लागला. "पहिले यादव. मग खिलजी. मग तुघलक. मग बहमनी. मग अहमदनगरची निजामशाही. मग मोगल. सतराशे साठात उदगीरच्या लढाईनंतर मराठे. मग हैदराबादचा निजाम, एकोणीसशे अठ्ठेचाळीसपर्यंत."

आठ झाले. अजिंक्य किल्ल्याला आठ मालक! मी वहीत मांडून ठेवले. एवढे तर आमच्या गल्लीतल्या वाड्यालाही बदलले नाहीत आणि त्याला खंदक नाही.

ड्रायव्हर जीप लावून आमच्याबरोबर आला होता. खंदकाच्या काठावर उभा राहून त्याने कड्याकडे वर पाहिले, पाण्याकडे खाली पाहिले आणि म्हणाला, "सर, ह्यो एवढा मजबूत व्हता, तर मग गेला कामून?"

तीस वर्षांच्या नोकरीत एवढा नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. त्याच्या अपूर्णांकांचे गुण मी मनातल्या मनात वाढवले.

उत्तर मिळण्याआधी अंधेरी लागली. खंदकावरच्या अरुंद पुलावरून आत गेले, की डोंगराच्या पोटात खोदलेला हा काळाकुट्ट बोगदा. तो वळसे घेत वर चढतो. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या. कुठे वाट फुटल्याचा भास होतो आणि तिकडे गेलेला परका थेट खंदकात पडतो. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण टाकून त्यावर विस्तव पेटवायचा, म्हणजे आतला शत्रू धुराने कोंडतो. आत वटवाघळांचा असा वास होता, की विस्तवाची गरजच पडू नये. गाईडने मशालीऐवजी मोबाईल पेटवला आणि ऐन अंधारात सांगितले, की चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी इथे आला होता. या किल्ल्यातल्या तळघरात कैद्यांना ठेवीत आणि तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असत. मांजरेच त्यांना भिऊन पळत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

अंधारात हिचा आवाज आला. "मांजराएवढे उंदीर? मग वरचं धान्य कसं राहायचं?"

इब्न बतूताच्या उंदरांवर आजवर पुष्कळ लोकांनी आश्चर्य व्यक्त केले असेल. त्यांच्या खाण्याचा हिशोब मांडणारी हीच पहिली असावी.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर पायऱ्याच पायऱ्या. गाईड म्हणतात साडेसातशे. मी तीनशेपर्यंत मोजल्या, पुढे श्वास मोजला. कसेबसे बारादरीला पोहोचलो. शहाजहान बादशहाच्या १६३६ सालच्या मुक्कामासाठी ही बांधली म्हणतात. तिथल्या वाऱ्यात टेकून आम्ही दशम्या सोडल्या. गाईडही बसला. दशमी पोटात गेली तसा त्याचा वेळापत्रकी सूर सुटला आणि तो माणसासारखे बोलू लागला. तिथे त्याने सांगितलेले, आणि नंतर मी ग्रंथालयातून आणून पडताळलेले, असे दोन्ही मिळून पुढे देतो.

११८७ च्या सुमारास भिल्लम यादवाने देवगिरीला राजधानी केली. पुढची शंभर वर्षे मराठी मुलखाची श्रीमंती इथे येऊन साठली. राजा रामदेवराव गादीवर असताना १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी लिहून झाली. शेवटी ज्ञानेश्वरांनी या यादव राजाचा उल्लेख केला आहे. राज्यात सुबत्ता, विद्वानांना आश्रय आणि दप्तर अगदी चोख. दप्तराचा मुख्य, म्हणजे श्रीकरणाधिप, हेमाद्री, आपला हेमाडपंत. त्याने धर्मशास्त्रावर जो प्रचंड ग्रंथ रचला त्यात एक अख्खा खंड व्रतांचा आहे. कोणत्या तिथीला कोणता उपास, याची एवढी बारीक नोंद दुसऱ्या कोणत्या राज्याच्या दप्तरात झाली नसेल.

आणि याच राज्यावर सक्तीचा उपास आला.

१२९६ साली दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या अलाउद्दीन खिलजी, प्रयागजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार, चुलत्याला पत्ता लागू न देता सात-आठ हजार घोडेस्वार घेऊन विंध्य ओलांडून इथे येऊन धडकला. यादवांचे मोठे सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेले. रामदेवराव असेल तेवढी माणसे घेऊन गडावर चढला आणि दरवाजे लावून घेतले. खाली शहर लुटले जात होते. पण गड तो गडच. शंकरदेव परत येईपर्यंत दम धरायचा एवढेच काम.

दम धरायला धान्य लागते. यानंतरची हकिकत फिरिश्ता सांगतो. तो तीनशे वर्षांनी झाला, त्यामुळे तिखटमीठ त्याच्या हातचेही असेल. पण मुख्य मीठ त्याचे नव्हे. कोकणातून व्यापाऱ्यांचा एक तांडा आला होता. धामधूम ऐकून ते लोक पोती टाकून पळाले. दोन-तीन हजार पोती. गडावरच्या माणसांना वाटले, देवच पावला. सगळी पोती त्यांनी घाईघाईने गडावर ओढून नेली.

शंकरदेव आला. बापाचा निरोप न मानता लढला आणि लढाई जवळजवळ जिंकत आणली. तेवढ्यात अलाउद्दीनची मागे ठेवलेली हजारभर स्वारांची तुकडी धूळ उडवीत आली. धुळीत माणसे मोजता येत नाहीत. यादवांच्या सैन्याला वाटले, दिल्लीची मोठी फौज आली. फळी फुटली.

तरीही गड होता. गडावर पोती होती. मग पोती उघडली.

गाईडने इथे थांबून पाण्याचा घोट घेतला. त्याला त्याच्या व्यवसायातली ही जागा ठाऊक होती.

"सगळ्या पोत्यांत मीठ निघालं, साहेब."

कोणी काही बोलले नाही. भाच्याने मोबाईल खिशात टाकला. ड्रायव्हर "आता गं माये!" एवढेच म्हणाला. आणि ही, जी आयुष्यात कधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा दाणा काढून दाताखाली धरल्याशिवाय ज्वारी घेत नाही, ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "चढवताना एकानंही हात घालून पाहिलं नाही?"

हजारो माणसे. राजा, प्रधान, पंडित, किल्लेदार, कारकून, हमाल. दोन-तीन हजार पोती खांद्यांवरून गेली. एकानेही पाहिले नाही. आणीबाणीच्या प्रसंगी असेच होते. ज्याने त्याने समजून घेतलेले असते, की दुसऱ्याने पाहिले असेल.

फिरिश्ताने खंडणीचा आकडाही दिला आहे. सहाशे मण सोने, सात मण मोती, दोन मण हिरे-माणके, हजार मण चांदी, चार हजार रेशमी ठाण. मी हे कागदावर मांडून पाहिले, की हे सगळे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एक सुई आणि सुतळी. पोते शिवलेले असते ना? ते उसवून पुन्हा शिवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ वाचवल्याची ही किंमत. त्या सोन्याची फुले गोफणयंत्रातून लोकांवर उधळीत अलाउद्दीन दिल्लीला गेला, असे बरनी लिहितो. वाटेत त्याने चुलत्याचा खून करवला होता. तो सुलतान झाला. देवगिरीची वाट आता दिल्लीला पाठ झाली. १३०७ ला मलिक काफूर आला आणि रामदेवरावाला दिल्लीला घेऊन गेला. तो मांडलिक होऊन परतला. पुढे शंकरदेव मारला गेला आणि १३१८ साली त्याचा मेहुणा हरपाळदेव याला हालहाल करून मारले. यादवांचे राज्य तिथे संपले. मराठीला राजदरबारी पुन्हा असा थारा मिळायला साडेतीनशे वर्षे लागली.

मग १३२७ साली महंमद तुघलक आले. त्यांनी देवगिरीचे दौलताबाद केले आणि दिल्लीच्या दरबारी मंडळींना भांडीकुंडी घेऊन इकडे यायला लावले. चाळीस दिवसांची वाट. काही वर्षांनी परत जायची मोकळीक दिली. सरकारी नोकरीत बदल्या आम्हीही पाहिल्या. पण अख्ख्या राजधानीची बदली आणि ती रद्द, हे एकदाच झाले. आमच्या शहागडची बदली पाहा बरे! म्हणून म्हणतो, भांडी हलवली नाहीत की राज्य सुखी राहते.

पुढचे मालक याच माळेचे. १६३३ चा वेढा घ्या. किल्ल्यात मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान, बाहेर मोगलांचा महाबतखान. आदल्याच वर्षांत दख्खनेत भयंकर दुष्काळ पडून गेलेला. मोगलांनी सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले, पण वरचा खडक तसाच उभा. शहाजीराजे आणि विजापूरकर धान्याचे बैल आत पोहोचवायची खटपट करीत होते, ते मोगलांनी वाटेतच अडवले. आत खायला उरले नाही. शेवटी फत्तेखानाने दहा लाखांवर रुपये घेतले आणि किल्ला सोडला. १२९६ ला किल्ला पोत्यातल्या मिठाने घालवला. १६३३ ला जाता जाता पैशाची थैलीही दिसली. एका किल्ल्याच्या नशिबी मीठ हे असे दोनदा आले: एकदा पोत्यातले आणि एकदा जागायचे.

त्याआधी चारच वर्षे, १६२९ साली, याच किल्ल्यात लखुजी जाधवरावांचा खून झाला. आमच्या जालन्याजवळच्या सिंदखेडचे ते, जिजाबाईंचे वडील. निजामशहाने दरबारात भेटीला बोलावले आणि मुलांनातवांसह कापून काढले. जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. पूर्वजांच्या गडावर ते पाहुणे म्हणून आले होते. त्यांना तटांनी, खंदकाने, अंधेरीने काही केले नाही. खंदक बाहेरच्या माणसासाठी असतो.

चिनी महालाची गोष्टही तीच. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा इथे मरेपर्यंत कैदेत होता. त्याचा गोवळकोंडाही असाच जबरदस्त. १६८७ साली औरंगजेब आठ महिने बाहेर बसला होता आणि एका रात्री आतल्याच एका सरदाराने पैसे घेऊन दार उघडले. त्या किल्ल्याच्या मालकाला या किल्ल्यात ठेवले. दोन अजिंक्य किल्ल्यांची अशी ओळख झाली.

हे सगळे ऐकून आम्ही उरलेल्या पायऱ्या चढलो. माथ्यावर तोफ आहे, वारा आहे आणि खाली कोटाच्या आत कोट असे कागदावर काढल्यासारखे दिसतात. भाचा पुष्कळ वेळ पाहत उभा होता. मग म्हणाला, "मामा, हा रॉचेस्टरपेक्षा शाबूत आहे."

तो शाबूत का, ते मला तोवर कळले होते. रॉचेस्टरला आतली माणसे कोपरा पडेपर्यंत लढली, घोडे संपेपर्यंत टिकली. त्याची खूण भिंतीवर राहिली. आठशे वर्षांनी शहागडचा एक गणितमास्तर फोटो बघून विचारतो, हा कोपरा गोल का? देवगिरीच्या कड्याला असा एकही गोल कोपरा नाही, कारण तो कोणाला फोडावाच लागला नाही. उपासाने, पैशाने आणि दगाबाजीने जाणाऱ्या किल्ल्याचा चिराही हलत नाही. पर्यटकांची सोय होते. मीठ तर पाण्यात विरघळून जाते, त्याची खूण कुठे राहणार? ती गाईडला दशमी देऊन ऐकावी लागते.

पण या गडावर सगळेच पोते न उघडणारे होते असे नाही. वरती जनार्दनस्वामींची समाधी आहे. निजामशाहीत ते या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिले होते. पैठण म्हणजे आमच्याच गोदावरीवर, आमच्या वरच्या अंगाला. त्यांच्याकडचे पाणीच पुढे आमच्याकडे येते. गुरूंनी नाथांना किल्ल्याचे हिशोब लिहायला बसवले. एकदा हिशोबात एका पैची चूक लागली. पै! नाथ दिवा लावून रात्रभर वह्या चाळीत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या पिटल्या. गुरूंनी म्हटले, एका पैसाठी एवढा आनंद, मग हेच चित्त देवाकडे लावलेस तर? कीर्तनकार ही कथा एकाग्रतेसाठी सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण मी गणिताचा माणूस. मला त्या समाधीपुढे उभे राहून वाटले, की ज्या गडावर अडीचशे वर्षांपूर्वी तीन हजार पोती कोणी उघडून पाहिली नाहीत, त्याच गडावर एक पोरगा एका पैसाठी रात्रभर जागला. किल्ल्याची खरी तटबंदी मला तीच वाटली. तिला खिळे नव्हते, खंदक नव्हता. एक दिवा होता.

गुडघ्यांशी वाटाघाटी करीत आम्ही खाली उतरलो. पायथ्याशी पेरूवाल्या बाया ओळीने बसल्या होत्या. देवगिरीच्या वाऱ्याने तोंडाला चव आलेली होती. ड्रायव्हरने किलोभर पेरू घेतले. बाईने चार फोडी करून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवल्या आणि शेजारी एक पांढरी पुडी सोडून दिली.

भाचा पुडीत फोड बुडवणार, एवढ्यात हिने त्याचा हात धरला. पुडीतली चिमूट उचलून जिभेवर ठेवली, किल्ल्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "हं, खा आता. मीठच आहे."